चौदा माणसांचा किल्ला

३ फेब्रुवारी, मंगळवार

मी हे हौसेने लिहीत नाही. धाकट्या भावाच्या डोळ्याचा पडदा सुटला, ऑपरेशन झाले, डॉक्टरांनी त्याला दोन आठवडे पालथे झोपायला सांगितले, म्हणून तो माझ्याकडे राहायला आला आणि नेमका याच महिन्यात किल्ला चालवायचा त्याचा नंबर आला. म्हणून लिहिते आहे.

किल्ला संगणकावरच्या खेळातला आहे. सात जणांचे एक मंडळ तो आळीपाळीने चालवते. एकाने एक वर्ष किल्लेदारी करायची आणि फाइल पुढच्याच्या हवाली करायची. खेळातले वर्ष म्हणजे आपला एक महिना; किल्ल्याच्या गोष्टींत सगळे हीच वर्षे मोजतात. फाइलीबरोबर हाताने लिहिलेली दैनंदिनी द्यावी लागते, नाहीतर ते वर्ष धरत नाहीत. धाकट्याने बदली किल्लेदार म्हणून माझे नाव कळवून टाकले. मला विचारले नंतर.

मी म्हटले, "मला असले खेळ येत नाहीत."

तो उशीच्या भोकात तोंड घालून म्हणाला, "ताई, एकतीस वर्षं दोनशे मुलींचं होस्टेल चालवलंस. इथे चौदा जण आहेत, आणि एकही उलटून बोलत नाही."

गोष्ट चौदाचीच आहे. तीन वर्षांत त्या किल्ल्यात एकही नवा माणूस राहायला आलेला नाही. मंडळाने ठरवले आहे की या वर्षअखेरीस पंचवीस रहिवासी झाले नाहीत, तर किल्ला कायमचा बंद करून दुसरीकडे नवा सुरू करायचा. वर्षअखेर म्हणजे ४ मार्च. हा किल्ला नऊ वर्षांपूर्वी धाकट्याने वसवला. जागा त्याने निवडली, पहिली कुदळ त्याने मारली. नोकरीत त्याने जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनींचे नकाशे काढले. स्वतःची म्हणावी अशी जागा ही एकच. "बंद केला तर केला," असे तो म्हणाला, पण आवाज वेगळा होता. खोली बदलू नका म्हणून सांगायला येणाऱ्या मुलींचा आवाज असा व्हायचा.

मंडळाला द्यायची दैनंदिनी मी वेगळी, स्वच्छ लिहीन. ही वही माझी.

५ फेब्रुवारी, गुरुवार

वेळ ठरवली. सकाळी दहा ते बारा, दुपारी चार ते साडेपाच. धाकटा समोरच्या खोलीत पालथा, मी त्याच्या शेजारी टेबलाशी. त्याच्या डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला आहे. मान खाली ठेवली की तो वर चढतो आणि पडदा दाबून धरतो. म्हणजे त्याला दिसत काही नाही. मी सांगायचे आणि त्याने जमिनीकडे बघून हुकूम द्यायचे.

"डावीकडे काय दिसतंय?"

"माणूस."

"काय करतोय?"

"उभा आहे."

"अगं, कोण आहे तो?"

"आळशी आहे."

पहिले काम म्हणून मी हजेरी घेतली. माणसे चौदा, खाटा नऊ. दोन बायका जिन्यात झोपतात. चौघे जण पाळीपाळीने एकाच खाटेवर. भिंती मात्र चार-चार चौकोन जाड. मागची तीन वर्षे नुसत्या भिंती वाढत राहिल्या आणि कुणाला खाट मोजावीशी वाटली नाही. सुतारीणबाईंना पाच खाटांचा हुकूम दिला. पाणी प्यायचे दगडी मग चारच. चौदा जणांत चार! पाथरवटाला साठ मग करायला सांगितले.

"साठ?" धाकटा उशीतून ओरडला. "आपल्याला माणसं वाढवायचीत, ताई, मग नाही."

"माणसं आली तर पिणार कशातून?"

होस्टेलात पेले कधीच पुरत नसत. याबाबतीत माझे ऐकावे लागेल.

७ फेब्रुवारी, शनिवार

नवी माणसे किल्ल्यात कशाने येतात, याचे उत्तर कुणालाच ठाऊक नाही. खेळ सांगत नाही. मंडळात यावरून नऊ वर्षे भांडणे चालू आहेत. जुन्या दैनंदिन्या आज वाचून काढल्या. एक म्हणतो, संपत्तीने. त्याने जेवणघराला सोन्याचा मुलामा दिला. एक म्हणतो, देखाव्याने. त्याने कारंजे केले. मागची तीन वर्षे इतरांच्या पाळ्याही ज्यांनी घेतल्या, ते किल्लेदार व्यवसायाने दंतवैद्य आहेत. त्यांचे मत, सुरक्षिततेने. तटबंदी, खंदक, खटका ओढताच वर उचलला जाणारा पूल, हे सगळे त्यांचे. उन्हाळ्यात खेचरांवरून माल घेऊन व्यापारी येतात, त्यांनाही त्यांनी आत घेतले नाही. दैनंदिनीत लिहिले आहे, "अनोळखी माणसाला दार उघडणे हा मूर्खपणा."

याच्याशी मी सहमत आहे. फाटक वेळेवर बंद झालेच पाहिजे.

धाकट्याला विचारले, तुझे मत काय. तो म्हणाला, "मला वाटतं, माणसं आपली येतात. किंवा येत नाहीत." असल्या उत्तराला मी परीक्षेत शून्य दिले असते.

८ फेब्रुवारी, रविवार

दंतवैद्यांचा फोन.

"मी मागच्या वर्षीचा किल्लेदार बोलतोय."

"दात काढणारे ना तुम्ही?"

"हो, म्हणजे... आत्ता किल्लेदार म्हणून फोन केलाय. माझ्या भिंतींना हात लावणार नाही ना तुम्ही?"

"अजून तरी नाही. तुमच्या काळात दोन बायका जिन्यात झोपत होत्या. माहीत होतं?"

"मॅडम, त्या खेळातल्या आहेत."

"जिनाही खेळातलाच आहे. खाट का नव्हती?"

त्यावर म्हणाले, पेशंट आलाय. रविवारी कुठला पेशंट?

धाकटा हसून हसून खोकायला लागला. डोक्याला हिसका बसू नये म्हणून मला त्याची मान धरावी लागली. केस फार पातळ झालेत त्याचे. चार वर्षांत तो या घरी आला नव्हता. शेवटचा आला तेव्हा जेवायला चाळीस मिनिटे उशीर केला होता आणि मी टेबल आवरून टाकले होते. नियम सर्वांना सारखा. त्यानंतर तो "वेळ मिळत नाही" म्हणायचा. आता वेळच वेळ आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

चूक झाली. पूर्णपणे माझी.

पहिल्या दिवसापासून एक माणूस माझ्या डोळ्यांत खुपत होता. कोठाराशी नुसता बसलेला. तिथे बसणे हेच जणू काम! बसून राहणारा माणूस मला पाहवत नाही. त्याला मी खाणीतले दगड वाहायला लावले. चांगला वाहत होता.

आज किल्ल्यात उन्हाळा लागला आणि खेचरवाले व्यापारी आले. या वेळी फाटक उघडे ठेवा असे धाकट्याने आग्रहाने सांगितले, म्हणून ठेवले. ते आत आले, कोठाराशी गेले, माल मांडून बसले. बसले, बसले, आणि माल आवरून निघून गेले.

धाकट्याने विचारले, "सौदेदार कुठे होता?"

"कोण सौदेदार?"

"कोठाराशी बसतो तो! व्यापाऱ्यांशी बोलायचा हक्क फक्त त्याला आहे. तो बसलेला नव्हता?"

मी म्हटले, "तो तळघरात आहे. मोठा दगड आणतोय."

धाकटा रागावेल असे वाटले होते. तो म्हणाला, "ताई, तू माझ्याही सुट्टीत मला दगड वाहायला लावले असतेस." आणि वर, "असू दे. शरदात मोठा तांडा येतो, गाड्यांचा. पण त्यांचं काय बिनसलंय कोण जाणे. तीन वर्षं डोंगरावरूनच परत जातात."

सौदेदाराला परत जागेवर बसवले. मी आयुष्यात बसलेल्या माणसाला बसून राहा असे पहिल्यांदाच सांगितले. जड गेले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्यातून सिस्टर येतात, धाकट्याच्या डोळ्यात थेंब घालायला. एक दिवसाआड. आज नव्याच सिस्टर आल्या, त्या दारातच थबकल्या. म्हणाल्या, "रेक्टर मॅडम? तुम्हीच का? मी खोली नंबर अठ्ठेचाळीस!"

चेहरा आठवेना, खोली आठवली. खिडकीची कडी मोडलेली.

"ती कडी आम्हीच मोडली होती," सिस्टर म्हणाल्या. "साडेसातनंतर तिथूनच यायचो ना."

वीस वर्षांनी काय शिक्षा करणार? चहा दिला. धाकटा उशीतून म्हणाला, "सिस्टर, इतक्या कडक होस्टेलात मुली येत कशाला होत्या? गावात दुसरी होती ना?"

"तीन होती. पण आमच्यात सगळ्या सांगायच्या, इथे आजारी पडलं तरी चालतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला कावीळ झाली होती तेव्हा मॅडम सहा रात्री खुर्चीत बसून होत्या. मी घरी गेल्यावर हे चार जणींना सांगितलं. त्यांतल्या तिघी पुढच्या वर्षी इथेच आल्या."

ते कामच होते. वेगळे काही केले नव्हते. आणि जाहिरात म्हणून तर नक्कीच नाही.

दुपारी मात्र विचार केला की किल्ल्यात आजारी माणसांसाठी खोली नाही, हे गैरच आहे. विहिरीजवळची रिकामी वखार साफ करून घेतली. चार खाटा, एक टेबल, स्वयंपाकिणीच्या बहिणीला देखभालीचे काम. धाकटा म्हणाला, "कुणी आजारी नाहीये पण." मी म्हटले, "झाल्यावर खोदत बसायचं का?"

१४ फेब्रुवारी, शनिवार

सापडले!

आज पूल ते कोठार हा रस्ता मी पडद्यावर बोट ठेवून चौकोन-चौकोन मोजला. बोगदा तीन चौकोन रुंद आहे. पण त्याच्या मधोमध, ओळीने, सात पुतळे उभे आहेत. म्हणजे दोन्ही बाजूंना एकेकच चौकोन उरतो. माणूस जातो, खेचर जाते.

"गाडीला किती रुंदी लागते?" मी विचारले.

धाकट्याने गादीवर बोटाने चौकोन मोजले. मग पलंग हलला. "तीन," तो म्हणाला. "ताई, तीन लागते!"

होस्टेलच्या फाटकात एका ठेकेदाराने फुलझाडांचा गोल केला होता. त्यानंतर महिनाभर धोब्याची गाडी आत येईना आणि सगळे म्हणत धोबी माजला. मी झाडे उपटली, धोबी आला. इथेही तेच. दंतवैद्यांच्या दैनंदिनीत दर शरदात एकच वाक्य आहे, "यंदाही तांडा दुरूनच परतला. भित्रट लोक."

तीन वर्षे बाहेरचा कुणी आत आला नाही, म्हणून आतले काही बाहेर गेले नाही. सोन्याचे जेवणघर आहे हे कळणार कुणाला? भिंतींना?

१५ फेब्रुवारी, रविवार

दंतवैद्यांना मीच फोन केला. बोगद्यातले पुतळे हलवते आहे म्हणून कळवले.

"मॅडम, ते पुतळे माझे आहेत."

"तुम्ही करवून घेतलेत, माहीत आहे."

"नाही, म्हणजे... ते मी आहे. सातही."

पडद्यावर नीट पाहिले. खाली पाटी आहे, 'किल्लेदार, हाती पकड घेतलेला.' सात वेळा.

मी म्हटले, "अंगणात छान दिसाल. ऊन मिळेल."

फोन ठेवल्यावर धाकटा पालथा पडल्या पडल्या गादीवर बुक्के मारत होता. मलाही हसू आवरेना. शेजारच्या बाई काय झाले म्हणून बघायला आल्या. या घरातून असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता म्हणे. त्यांनाही पुतळे दाखवले. त्या दीड तास बसल्या. आता रोज चारला येणार आहेत. मी 'या' म्हटलेले नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

धाकट्याला उठून बसायची परवानगी मिळाली. दोन आठवड्यांनी त्याने माझा चेहरा पाहिला, म्हणजे एका डोळ्याने. दुसऱ्यात अजून पाण्यातल्यासारखे हलते. संगणकाच्या पडद्याकडे बघायला मात्र महिनाभर बंदी. म्हणाला, "ताई, तू चष्मा बदललास!" चष्मा तीन वर्षांपूर्वी बदलला.

रात्रीचे जेवण आठऐवजी साडेआठला केले आहे. सिस्टर थेंब घालायला त्या सुमारास येतात, त्यांच्या सोयीसाठी.

२२ फेब्रुवारी, रविवार

आजचे आजच लिहून टाकते.

किल्ल्यात शरद. तांडा आला. तीन गाड्या, प्रत्येकीला दोन बैल. डोंगर उतरल्या, पुलाशी आल्या. मी सांगत होते आणि धाकटा भिंतीकडे तोंड करून ऐकत होता. शेजारच्या बाई माझी खुर्ची धरून उभ्या. पहिली गाडी बोगद्यात शिरली. दुसरी शिरली. तिसरीचे चाक पुलावर येणार, तेवढ्यात रानातून लांडगे निघाले. पाच. गाडीवान गाडीवरून खाली पडला.

"पूल!" धाकटा ओरडला. "ताई, खटका ओढ! लांडगे आत आले तर चौदांतले किती राहतील?"

त्याचे बरोबर होते. दंतवैद्यांच्या सूचनांत पहिलीच सूचना तीच आहे. दोन गाड्या आत आल्या होत्या, एक माणूस बाहेर, तोही आपला नव्हे. कळ माझ्या बोटाखाली होती.

एकतीस वर्षे मी साडेसातला फाटक लावले. घड्याळाकडे पाहून लावले. रस्त्याकडे पाहून एकदाही नाही.

मी खटका ओढला नाही. सुतारीणबाईंना कुऱ्हाड घेऊन बाहेर पाठवले, त्यांच्यामागे पाथरवट आणि सौदेदार. दोन लांडगे पडले, दोन पळाले. पाचवा त्यांना चुकवून पुलावरून आत घुसला, बोगद्यातून थेट स्वयंपाकघरात. तिथे स्वयंपाकिणीने त्याच्या डोक्यात दगडी मग घातला. एक नाही, नोंद अशी आहे की अकरा.

शेजारच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

आपले चौदा शाबूत. गाडीवानाचा पाय मोडला आहे. आजाऱ्यांच्या खोलीत ठेवला.

धाकट्याने विचारले, "का नाही ओढलास?"

मी म्हटले, "कळ सापडली नाही."

हे खोटे आहे. निदान या वहीत तरी खरे असावे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सौदा झाला. सौदेदार जागेवर होता. बसलेल्या माणसाचा इतका उपयोग मी प्रथमच पाहिला. आम्ही धान्य, लोखंड आणि कापड घेतले, त्यांना मग दिले. त्यांना मग फार आवडले. पाथरवटाने प्रत्येकावर काही ना काही कोरले आहे. एकावर पाच खाटांचे चित्र आहे. ते बघून मी थोडा वेळ थांबले.

निघताना तांड्याच्या प्रमुखाला वीस मग वर दिले, बदल्यात काही न घेता. धाकटा म्हणाला, "असं कुणी करत नाही." मी म्हटले, "पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही." गाडीवानाला चालता येत नसल्याने तो मागे राहिला. पडद्यावर रहिवाशांची नावे पांढऱ्या अक्षरांत दिसतात, पाहुण्यांची हिरव्या. तो हिरवा आहे.

आता वाट बघायची. बातमी डोंगरापलीकडे पोचायला किती दिवस लागतात, कुणाला ठाऊक नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

किल्ल्यात हिवाळा. कुणी आले नाही. चौदा.

धाकट्याच्या घरमालकाचा फोन होता, खोली कधी उघडणार म्हणून. पाच तारखेची बस ठरली. बरे झाले. माझी सकाळ मला परत मिळेल. गेले काही दिवस वर्तमानपत्रसुद्धा धड वाचून होत नाही.

त्याने विचारले, "किल्ला बंद झाला तर तुला काय वाटेल?"

"काही नाही. खेळ आहे."

मग दुपारी नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त बसलो.

१ मार्च, रविवार

आले! आले!

दहाला पाच मिनिटे कमी असताना पडद्याच्या कडेला काहीतरी हलले. मला पुन्हा लांडगेच वाटले. पण ते बर्फातून ओळीने येत होते, बोचकी घेऊन. मी मोठ्याने मोजायला लागले. धाकटा अर्धी दाढी करून, साबण लावलेल्या तोंडाने धावत आला. डॉक्टरांनी धावायला मनाई केली आहे.

"किती?"

"सात... आठ... एक बकरी, ती धरायची का?"

"बकरी नाही गं धरायची!"

"दहा. दहा माणसं."

त्याने मला मिठी मारली. माझ्या चष्म्याला साबण लागला.

धंदे बघून मात्र कपाळाला हात लावला. चीज करणारे तीन. मासे साफ करणारी एक. किल्ल्याजवळ नदी नाही. साबण करणारा म्हातारा, त्याची बायको, एक मधमाश्या पाळणारी, एक बासरी वाजवणारा, आणि कोणताही धंदा नसलेली दोघे. होस्टेलात नवीन वर्षाला अशीच भरती व्हायची. मला आवडते. पहिल्या दिवशी कुणीच उपयोगाचे नसते.

प्रत्येकाच्या नावावर कळ दाबली की एक पान उघडते. त्यात येण्याचे कारण असते. धाकट्यालाही माहीत नव्हते. आधी आलेल्यांच्या नावावर कुणी कळ दाबूनच पाहिली नव्हती. मी दहाही पाने मोठ्याने वाचली. मासेवाली, "इथले मग पाहिले." साबणवाला, "पडलेल्या माणसाला आत घेतले असे ऐकले." त्याची बायको, "नवरा निघाला म्हणून." चीजवाल्यांपैकी एक, "खाट मिळते म्हणतात." बासरीवाला, "लांडग्याला मगाने मारणारी बाई बघायची आहे." बाकीच्यांचे, "कारण नोंदलेले नाही."

सोन्याच्या जेवणघराचे नाव कुणी काढले नाही. पुतळ्यांचेही.

खाट प्रत्येकाला मिळाली. मी पंधरा जास्त करून ठेवल्या होत्या.

२ मार्च, सोमवार

चौदा आणि दहा, चोवीस. एक कमी.

धाकट्याने रात्रभर विचार केलेला दिसतो. चहा घेतानाच म्हणाला, "गाडीवान आहे ना. तो धरला की पंचवीस."

"तो पाहुणा आहे."

"तो आपल्या खाटेवर झोपतो, आपलं जेवतो, आजाऱ्यांच्या खोलीतून उठल्यापासून कोठारात सामान लावतो. पाहुणा कसला?"

"हिरवा आहे. हजेरीत नाही."

"ताई, एक माणूस! दैनंदिनी तू लिहिणारेस. कोण बघतंय?"

"मी."

तो उठून आत गेला. दार आपटले नाही. लहानपणीही आपटायचा नाही, नुसता गप्प व्हायचा. ते जास्त वाईट.

मला काय हवे आहे ते मला माहीत आहे. किल्ला राहायला हवा. पण खोट्या हजेरीवर उभा राहिलेला नको. नऊ वर्षांपूर्वी त्याने तो खरा वसवला आहे.

संध्याकाळी सिस्टर आल्या तर त्यांनाही हे सगळे कळले होते. शेजारच्या बाईंनी जिन्यातच सांगितले म्हणे. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, एकदा हजेरीत खोली अठ्ठेचाळीसला 'उपस्थित' लावलं होतंत तुम्ही. मी तेव्हा भिंतीवर होते." मी म्हटले, भिंत आवारातच येते.

जेवताना मी धाकट्याला दोनदा वाढले. ते त्याने मुकाट्याने खाल्ले.

३ मार्च, मंगळवार

शेवटचा पूर्ण दिवस. दहाला बसले. धाकटा आला नाही. मी एकटीच किल्ला बघत राहिले. बर्फ वितळत होते. बासरीवाला स्वयंपाकघराच्या दाराशी उभा. साबणवाल्याने साबण केला. गाडीवान लंगडत फिरत होता. सौदेदाराशेजारी बसला, बराच वेळ. दोघेही बसलेले. मी काही म्हटले नाही.

बाराला उठायचे होते. उठले नाही. पावणेएकला पडद्यावर एक चौकट उघडली. वाचून दाखवायला कुणी नव्हते, तरी मी मोठ्याने वाचली, "गाडीवान किल्ल्यात कायम राहण्याची परवानगी मागत आहे. मंजूर? नामंजूर?"

मी हाक मारली. माझ्या आवाजात काहीतरी असावे, कारण तो आणि शेजारच्या बाई दोन दारांतून एकदमच आत आले.

"अर्ज केलाय त्यानं," धाकटा कुजबुजला. "हे होऊ शकतं हे मी विसरलोच होतो. कित्येक वर्षांत कुणी केलाच नाही गं."

"कारण लिहिलंय का?" शेजारच्या बाईंनी विचारले.

नव्हते. मी 'मंजूर' दाबले. हिरवी अक्षरे पांढरी झाली. पंचवीस.

धाकटा खाली बसला आणि चांगला डोळा पुसला, मग दुसराही पुसायला गेला. मी हात धरला, त्या डोळ्याला लावायचा नाही.

मी म्हटले, "त्याने आधी का नाही विचारलं? इतके दिवस नुसता बसला होता सौदेदाराजवळ."

धाकट्याने माझ्याकडे पाहिले, मग खिडकीबाहेर. म्हणाला, "काही माणसांना विचारायला वेळ लागतो, ताई."

असेलही.

४ मार्च, बुधवार

सकाळी मंडळाला कळवले. दंतवैद्यांचा फोन आला. पंचवीसची यादी त्यांनी नावानिशी मागितली, मी वाचली. शेवटी म्हणाले, "मॅडम, गाडीवान खरंच अर्ज करून आला?" मी म्हटले, तारीख-वेळ देते. ते म्हणाले, नको, तुमच्यावर विश्वास आहे. मग हळूच, "पुतळे कसे आहेत?"

किल्ला चालू राहणार. पुढचा किल्लेदार बेकरीवाला आहे. तो स्वतः आला, ताजा पाव घेऊन. सिस्टर होत्या, शेजारच्या बाई होत्या. पाच कप लागले. सहावा मी धुऊन ठेवला.

हवाली केल्याची नोंद:

बेकरीवाल्यास, किल्ल्याची फाइल, एक. रहिवासी पंचवीस, सर्व जिवंत. खाटा तेहतीस. मग एकशे बारा (पाथरवट अजून थांबलेला नाही). पैकी एक लांडग्यामुळे तडकलेला, तो स्वयंपाकीण टाकू देत नाही. आजाऱ्यांची खोली, सध्या रिकामी. पुतळे सात, अंगणात. बोगदा तीन चौकोन रुंद, तो तसाच ठेवावा. सौदेदारास उठवू नये. दैनंदिनीची स्वच्छ प्रत, पाने बावीस. बेकरीवाल्याची सही घेतली.

सिस्टरना, खोली अठ्ठेचाळीसच्या कडीबद्दलची समज, तोंडी. त्यांनी हसत घेतली.

भावास, वरच्या मजल्यावरच्या खोलीची किल्ली, एक. त्याने मागितली नव्हती. तिथे टेबल खिडकीशी आहे आणि डोळ्यांना उजेड लागतो, म्हणून दिली. उद्याच्या बसचे तिकीट त्याने परत केले आहे. सही मागितली तर म्हणाला, "घरात कशाला सही?" म्हणून घेतलेली नाही.